पूर येण्याआधी गावातली तुकडी: स्वयंसेवकांना काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमाने

नदीकाठच्या गावात आपत्तीचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. मे महिन्यातली एक सकाळ, केशरी जॅकेटं, नदीत बोटीच्या दोन फेऱ्या, गटाचा फोटो आणि प्रमाणपत्रं. ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं की तीच पोरं एकमेकांना फोन करत विचारतात, "शाळेची किल्ली कुणाकडं हाय?"

पंचगंगा आणि कृष्णेच्या काठावरच्या गावांत अशा तुकड्या तयार करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. शिकवणारे मन लावून शिकवतात आणि पोरंही जीव तोडून काम करतात. तरीही प्रशिक्षण वाया जातं, कारण क्रम उलटा असतो. बोट सगळ्यात आधी शिकवली जाते आणि घरं वेळेत रिकामी करणं कुणीच शिकवत नाही. प्रत्यक्ष पुरात मात्र बोटीची गरज पडली म्हणजे आधीचं काहीतरी राहून गेलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा कच्चा असेल तर पुढचा सुरू करू नका.

वेळेचंही आधीच सांगतो. काम फेब्रुवारीत सुरू करा. ऊसतोड संपत आलेली असते, पोरं गावात असतात. एप्रिल-मे लग्नसराई आणि जत्रांमध्ये जातो आणि जूनमध्ये सगळे पेरणीत. मे महिन्यात "आता बघू" म्हणणाऱ्या गावाची तुकडी त्या वर्षी होत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

टप्पा १: गावातलं पाणी कागदावर आणा

हा टप्पा स्वयंसेवक निवडण्याच्याही आधीचा आहे. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर पाहिलेली चार-पाच म्हातारी माणसं, एवढ्यांना एका संध्याकाळी पारावर बसवा. गावाचा मोठा नकाशा समोर ठेवा आणि प्रत्येक पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते रंगीत पेन्सिलीने काढून घ्या. मग त्या रेषा गावात फिरून विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर तेलरंगाने मारा.

आता आकड्यांकडे. कोल्हापूरकडे सगळ्यांचे कान पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे असतात: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. सांगलीकडे कृष्णेवरचा आयर्विन पूल: इशारा ४०, धोका ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आयर्विन पुलावर ५७ च्या वर. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण ते त्या ठिकाणचे आहेत, तुमच्या गावचे नव्हेत. बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर आपल्या गावात काय होतं, हे तुम्हालाच काढावं लागतं.

आणि त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेक गावं चुकवतात. घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी गावाबाहेर पडायचा रस्ता बुडतो. नदी फुगली की ओढ्याला मागे फुगवटा येतो, ओढ्यावरची मोरी पाण्याखाली जाते आणि घरं कोरडी असतानाच गावाला तिन्ही बाजूंनी वेढा पडतो. मग लोक म्हणतात, "पाणी अजून दारात कुठं आलंय?" दारात येईल तेव्हा बाहेर जायला रस्ता उरलेला नसतो.

म्हणून गावासाठी तीन पातळ्या ठरवा:

१. तयारीची पातळी: तुकडी एकत्र येते, साहित्य बाहेर निघतं, गोठे रिकामे करायला सुरुवात होते.
२. हलवायची पातळी: सखल वस्ती रिकामी होते. ही पातळी रस्ता बुडण्याच्या पातळीपेक्षा खाली असलीच पाहिजे, आणि दोन्हींमध्ये अख्खी वस्ती हलवायला पुरेल एवढा वेळ हवा.
३. रस्ता बंद होण्याची पातळी: यानंतर गावकरी तुकडी कुणालाही पाण्यातून बाहेर काढायला जात नाही. पुढचं काम बोटवाल्या प्रशिक्षित पथकाचं.

बंधाऱ्यावरची वाढ आपल्याकडे यायला किती तास लागतात, हे मागच्या पुरातल्या मोबाईलमधल्या मेसेजवरून आणि फोटोंच्या वेळेवरून काढता येतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडले आणि आपल्या मोरीवर पाणी कधी आलं, एवढी दोन टिपणं मिळाली तरी अंदाज बसतो.

यानंतर घरवार यादी. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका, तान्ही बाळं, दिव्यांग, डायलिसिसवर असलेले, एकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि प्रत्येक घरातली जनावरं. नदीकाठच्या झोपड्या, वीटभट्टीवर राहिलेली कुटुंबं, मळ्यातले सालगडी यांची नावं रेशनच्या यादीत नसतात. ती चालत जाऊनच लिहावी लागतात.

इथे थांबून तपासा: यादीतली कोणतीही पाच घरं निवडा आणि दार वाजवा. पाचपैकी दोन ठिकाणी माहिती चुकली तर अख्खी यादी पुन्हा करा.

टप्पा २: माणसं निवडा

पहिली चूक इथेच होते. तालमीतली दहा-बारा धडधाकट पोरं घेतली की तुकडी झाली असं समजतात. पोरं चांगलीच असतात, पण ती सगळी एकाच गल्लीची असतात, सगळ्यांना बोटीवरच जायचं असतं, आणि दोन गल्ल्यांपलीकडे कोण आजारी आहे हे एकालाही माहीत नसतं.

माझा हिशेब असा: दर चाळीस-पन्नास घरांमागे चार जण, त्याच वस्तीतले, आणि त्यात किमान एक बाई. बायकांचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, त्यामागे कारण आहे. एका गावात पोरांनी केलेल्या यादीत एका घरापुढे "कुलूप" असं लिहिलं होतं. बचत गटातल्या एका काकींनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "अहो, पुढनं कुलूप असतंय. सून कामाला जाताना लावती. मागच्या सोप्यात सासूबाई असत्यात, पॅरालिसिस झालाय त्यास्नी." त्या घराचं मागचं दार बाहेरच्या कुणाला दिसतच नव्हतं.

निवडताना हे बघा:

- वय किमान १८. सरकारच्या आपदा मित्र योजनेत १८ ते ४० ही मर्यादा आहे आणि १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं जातं. गावातल्या दोघा-तिघांची नावं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षातून तिकडे जातील असं बघा. तीच माणसं पुढे तुमचे शिकवणारे होतात.
- फिट येणं, हृदयाचा त्रास, दमा असेल तर पाण्याजवळचं काम देऊ नका. यादी, निवारा, निरोप ही कामं तेवढीच मोलाची आहेत आणि तसं चारचौघांत बोलून दाखवा.
- एमआयडीसीत पाळीवर जाणारे किती, ते बघा. तुकडीतले निम्मे रात्रपाळीला असतील तर रात्रीची तुकडी अर्धीच आहे. प्रत्येक जागेला एक बदली माणूस ठेवा.
- ज्याचं स्वतःचं घर सगळ्यात आधी बुडतं, तो पहिल्या दिवशी कामाला येणार नाही आणि त्याने येऊही नये. आधी घरचे हलवू दे. हे आधीच कबूल करून टाका, म्हणजे त्याला अपराधी वाटत नाही आणि तुम्हीही त्याच्यावर विसंबून राहत नाही.

कामं पाच: निरोप आणि पातळी, घरं रिकामी करणं, पाण्याजवळची सुटका, प्रथमोपचार, निवारा. प्रत्येकाला एकच काम द्या. पुरात "सगळे सगळं करू" म्हणणाऱ्या तुकडीत मोजदाद कुणीच करत नाही.

टप्पा ३: आधी थांबायला शिकवा

पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारतो. "समोरून माणूस वाहत चाललाय. काय कराल?" उत्तर दरवेळी तेच: "उडी मारू."

मग त्यांच्यातला सगळ्यात तगडा पोरगा पुढे बोलावतो आणि दुसऱ्याला सांगतो, मागून याच्या गळ्याला मिठी मार आणि काही झालं तरी सोडू नकोस. कोरड्या जमिनीवर, पाय टेकलेले असताना, त्या तगड्या पोराला सुटायला अर्धा मिनिट लागतो. चेहरा लाल होतो. बघणारे हसायचे थांबतात. बुडणारा माणूस अशीच मिठी मारतो, आणि पाण्यात पाय टेकायला जमीन नसते. एवढं दाखवल्यावर पुढचे नियम कुणाला पटवून द्यावे लागत नाहीत.

ते नियम पाठ करून घ्या:

१. एकटं कुठेही जायचं नाही. जोडीनेच जायचं आणि जोडीनेच परतायचं.
२. लाइफ जॅकेट नसेल तर पाण्याच्या काठापासून तीन मीटर मागे.
३. वाहत्या पाण्यात चालायचं नाही. घोट्याच्या थोडं वरपर्यंतचं जोरदार पाणीही धडधाकट माणसाला पाडतं, आणि दोन फूट वाहतं पाणी चारचाकी उचलून नेतं.
४. लाइनमनने ट्रान्सफॉर्मर बंद केल्याचं स्वतः सांगितल्याशिवाय पाणी साचलेल्या गल्लीत पाय टाकायचा नाही. "लाइट गेलीय" म्हणजे वीज बंद केलीय असं नव्हे. ती कधीही परत येते.
५. तुकडीप्रमुखाला विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही.
६. कुणीही, कितीही लहान असो, "मला हे धोक्याचं वाटतंय" म्हणू शकतो, आणि असं म्हटलं की काम थांबतं.

सहावा नियम पोरांना सगळ्यात अवघड जातो. गावात धाडसाला मान असतो, माघार घेणाऱ्याला नावं ठेवतात. म्हणून सरावात मुद्दाम कुणाला तरी काम थांबवायला लावा आणि सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटा.

सावधान: हा टप्पा पूर्ण न करता पोरांना जॅकेटं वाटू नका. अंगात जॅकेट आलं की त्यांना वाटतं आपण तयार झालो.

टप्पा ४: घरं रिकामी करणं

सगळ्यात जास्त जीव इथे वाचतात आणि सरावात सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. निम्मा वेळ या टप्प्याला द्या.

*जनावरं आधी.* नदीकाठचा माणूस घरासाठी थांबत नाही, जनावरांसाठी थांबतो. एका सरावात म्हातारीचं काम एका खऱ्या आजींनाच दिलं होतं. पोरगा दारात जाऊन शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "आजी, चला, पाणी येणार आहे." आजींनी खाटेवरून उठायचंही नाव घेतलं नाही. "तू जा की. माझी म्हस सोडून मी कुठं न्हाई येणार." पोरगा गप्प झाला, कारण पुढचं वाक्यच त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत जोडीतली मुलगी पुढे गेली. "आजी, म्हशीची सोय माळावरच्या शाळेमागं केलीया. वैरण टाकलीया. दावं तुमच्याच हातात द्या, तुम्हीच घेऊन चला." आजी उठल्या, चपला शोधायला लागल्या. सराव आहे हे त्यांनाही माहीत होतं, तरीही.

म्हणून तयारीच्या पातळीलाच जनावरं उंचावर न्यायची. तिथे वैरण, पाणी आणि राखणीला दोन माणसं आधी ठरलेली हवीत. ज्यांची नेता आली नाहीत ती किमान दाव्यातून मोकळी करा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं.

*निरोप.* व्हॉट्सॲपवर विसंबू नका. वीज गेली की काही तासांत मोबाईल टॉवरही बंद पडतो. देवळाचा स्पीकर, बॅटरीवरचा भोंगा, दवंडी आणि शिट्टी असे चार मार्ग ठेवा. निरोप तीन वाक्यांत बसला पाहिजे: पाणी किती झालं, कुणी निघायचं, कुठे जायचं. "घाबरू नका, सतर्क राहा" असं ओरडत फिरण्याने एक माणूसही हलत नाही.

*दारावरचं बोलणं.* जोडीने जायचं, त्या घराला ओळखणारा एक असावा. घरातल्या कर्त्याशी बोलतानाच सुनेशीही बोला. बरेचदा सामान आणि पोरं तीच आवरते. सोबत काय घ्यायचं तेही दारातच सांगा: रोजची औषधं, आधार-रेशनकार्ड-सातबारा-बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, बाळाचं दूध, चार्जर, एक जोडी कपडे. सिलिंडरचा कॉक बंद, मेन स्विच बंद. घरच्यांनी हे केलं का ते तुम्ही डोळ्यांनी बघा.

कुणी नाहीच म्हणालं तर भांडू नका. नाव, माणसांची संख्या आणि वेळ लिहा, प्रमुखाला कळवा, तासाभराने मोठं माणूस घेऊन परत जा. दुसऱ्यांदा बहुतेक निघतात.

*मोजदाद.* घर रिकामं झालं की कडीला हिरवी चिंधी बांधा. पावसात खडू टिकत नाही. चिंधी बांधायची ती घरात आत जाऊन, मागच्या सोप्यापर्यंत आणि माळ्यावर बघून, हाक मारून आल्यावरच. मग निवाऱ्याच्या दारात नावं पुन्हा लिहायची आणि दोन्ही याद्या ताडून बघायच्या. घरातून निघालेली पण निवाऱ्यात न पोचलेली माणसं कोण? पाहुण्यांकडे गेली असतील तर फोन करून खात्री करा. हा ताळा जमला नाही तर पुढे पाण्यात शोधायला जाणारे स्वयंसेवक एखाद्या सुखरूप माणसासाठी जीव धोक्यात घालतात.

इथे थांबून तपासा: एका वस्तीचा सराव घड्याळ लावून करा. हलवायची पातळी आणि रस्ता बंद होण्याची पातळी यांत जेवढा वेळ आहे, त्याच्या निम्म्यात वस्ती रिकामी झाली पाहिजे. खऱ्या पुरात पाऊस, चिखल आणि अंधार असतो.

टप्पा ५: पाण्याजवळची सुटका

क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही. आधी काठावरून आवाज द्या आणि त्याने काय धरावं ते सांगा. मग काठी, बांबू किंवा शिडी पुढे करा, स्वतः पोटावर झोपून. मग दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेका: ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. मग बोट, तीही फक्त प्रशिक्षित माणसं आणि साहित्य असेल तर. पाण्यात उतरणं हे गावकरी तुकडीचं काम नाही.

*दोरी.* पंधरा ते वीस मीटर, आणि तरंगणारी. काथ्याची दोरी भिजून जड होते आणि बुडते. दुकानात घेताना तुकडा बादलीत टाकून बघा. एका टोकाला कॅन बांधा. फेकण्याआधी "दोरी!" अशी हाक मारा, म्हणजे माणूस वर बघतो. नेम त्याच्या डोक्याच्या पलीकडे धरा, दोरी खांद्यावरून पडू दे. दुसरं टोक हातात धरायचं, मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळायचं नाही. त्याच्या वजनाने आणि प्रवाहाने फेकणाराच ओढला जातो. सराव कोरड्या दोरीवर संपवू नका. पहिला नेम चुकल्यावर भिजलेली, चिखलाळलेली दोरी पटकन गोळा करून दुसऱ्यांदा फेकणं हे खरं कौशल्य आहे. प्रत्येकाकडून वीस वेळा करून घ्या.

*जॅकेट.* सगळे पट्टे आवळा, मग जोडीदाराने खांद्याला धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

*बोट.* ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि गावकऱ्यांचे जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या गावाचं दुःख आठवूनच मी हा भाग शिकवतो. मागून आपलीच माणसं हात जोडून "आम्हाला पण घ्या" म्हणत असतात. अशा वेळी नाही म्हणणारा एक माणूस ठरलेला हवा, आणि तो बोटीत नाही, काठावर हवा. बोटीची क्षमता रंगाने बोटीवर लिहा, त्यात चालवणारे धरून मोजा, सामान असेल तर तेवढी माणसं कमी. आधी जॅकेट, मग बोट. जॅकेटं आठ असतील तर एका फेरीत आठच माणसं, चालवणाऱ्यांसह.

बोटीत सगळ्यांनी खाली बसायचं. एखादा ओळखीचा दिसला म्हणून सगळे एका बाजूला वळले की बोट कलंडते. पाणी चढलेलं असताना विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर येतात, म्हणून पुढच्या माणसाचं काम फक्त वर आणि समोर बघणं. उसाचा पाला, केंदाळ आणि बुडालेल्या कुंपणाची तार पंख्यात अडकते, म्हणून इंजिन असलं तरी वल्हं आणि नांगराची दोरी बोटीत हवीच. अंधार पडल्यावर बोट काढायची नाही.

सावधान: गुऱ्हाळाच्या काहिलीतून किंवा केळीच्या खोडांच्या तराफ्यावरून माणसं नेऊ नका. साचलेल्या पाण्यात ते जमतं, म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. धार लागली की काहील गरगर फिरते.

टप्पा ६: प्रथमोपचार, मोजकेच पण पक्के

सगळं शिकवायच्या नादात काहीच पक्कं होत नाही. पूरगावासाठी तीन गोष्टी घोटून घ्या.

*बुडालेला माणूस.* त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका, खांद्यावर घेऊन फिरवू नका. पोटातलं पाणी काढायच्या या खटपटीत मिनिटं जातात आणि उलटी श्वासनळीत जाते. सपाट जमिनीवर उताणा ठेवा, हाक मारा, दहा सेकंदांत श्वास चालू आहे का बघा. नसेल तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करायची. बुडालेल्याला आधी हवा लागते. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. हे पुतळ्यावरच शिका आणि प्रशिक्षकाकडूनच शिका. दमायला होतं, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. श्वास परत आला तर कुशीवर वळवा. तो उठून बसला, बोलायला लागला, तरीही दवाखान्यात न्यायचाच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

*सर्पदंश.* पुरात साप उंचवटा शोधत घरात, गंजीत, निवाऱ्यात येतात. दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, देवऋषीकडे न्यायचं नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, त्याला चालवू नका, दंशाची वेळ लिहा आणि दवाखाना गाठा. मोठं काम त्याआधीचं आहे: मे महिन्यातच विचारून ठेवा की प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात असतं, आणि मुख्य रस्ता बुडाला तर तिथे कोणत्या वाटेने पोचायचं.

*रक्तस्राव आणि गारठा.* पत्र्याने कापणं पुरात रोजचं आहे. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, उघडून बघू नका, धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी पाठवा. भिजलेल्या म्हाताऱ्या माणसांचे आणि बाळांचे ओले कपडे आधी काढा, मग गोधडी. ओल्या कपड्यांवर गोधडी घातल्याने ऊब येत नाही.

टप्पा ७: निवारा

इथे थोडक्यात. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या माणसांकडे. बायकांसाठी वेगळी खोली, आणि शौचालयाच्या वाटेवर रात्री उजेड. पिण्याचं पाणी वेगळ्या पिंपात, त्यात काय आणि किती टाकायचं हे आरोग्यसेवकच ठरवतील. जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांची लंगोटं साहित्याच्या यादीत नावानिशी लिहा, नाहीतर ती कुणी आणत नाही.

टप्पा ८: रंगीत तालीम

मे संपण्याआधी एक तालीम दिवसा आणि एक रात्री. रात्रीची बहुतेक गावं टाळतात, आणि अडचणी सगळ्या तिथेच सापडतात. एका गावात रात्री सरावाला सुरुवात झाली आणि वीसच मिनिटांत कळलं की बारापैकी सात बॅटऱ्यांत सेल नाहीत, निवाऱ्याच्या शाळेच्या फाटकाचं कुलूप गंजून बसलंय आणि दुसऱ्या वस्तीच्या प्रमुखाचा कागदावरचा नंबर जुना आहे. त्या रात्री गावाला जेवढं कळलं, तेवढं आधीच्या दोन दिवसांच्या शिबिरात कळलं नव्हतं.

तालमीत मुद्दाम अडथळे टाका: अर्ध्या सरावात प्रमुखाला बाजूला बसवा आणि बदली माणूस काय करतो बघा. सगळे मोबाईल एका टोपलीत ठेवून घ्या. एक रस्ता "बुडाला" म्हणून बंद करा. एका पोराला नातेवाइकाच्या घरी लपवा आणि मोजदादीत तो सापडतो का बघा. तहसीलदार कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा, नाहीतर अफवा पसरते. प्रत्यक्ष खोल पाण्यातला सराव फक्त प्रशिक्षित पथकाच्या देखरेखीखाली.

तालीम झाल्यावर लगेच, चहा पितानाच, सगळ्यांना गोल बसवा. कुणी चुकलं हे विचारू नका. काय अडलं ते विचारा आणि लिहून घ्या. त्या यादीतली प्रत्येक गोष्ट कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार, हे ठरल्याशिवाय उठू नका.

टप्पा ९: पावसाळाभर तुकडी जागी ठेवणं

जून ते सप्टेंबर दर रविवारी अर्धा तास. एका आठवड्यात दोरी, एका आठवड्यात छातीवरचे दाब, एकदा यादीतले बदल. यादी सतत बदलते: बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, नव्याने अंथरुणाला लागलेले आजोबा. जॅकेटं उन्हात वाळवून टांगून ठेवा, पोत्यात कोंबू नका. उंदीर पट्टे कुरतडतात.

पंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत नंबर रंगवा: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, त्याखाली लाइनमन आणि तुकडीप्रमुखाचा. हेच नंबर प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात कागदावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

पूर येऊन गेला की आठ दिवसांच्या आत पुन्हा बसा. नव्या खुणा खांबांवर मारा, तीन पातळ्या तपासा. पोरांशी एकेकटं बोला. ज्याच्या हातून कुणी निसटलं, तो गप्प गप्प होतो, झोपत नाही, पुढच्या रविवारी यायचं टाळतो. त्याच्या घरी जा, आणि लागलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे सोबत जा. त्याच आठवड्यात भिजलेली दोरी, फाटलेलं जॅकेट, संपलेले सेल यांची यादी करून पंचायतीत द्या आणि पोच घ्या, कारण ही खरेदी पुढच्या मार्चच्या आत व्हायला हवी.